जिनिंग, सूतगिरणी, डाळमिल, राईसमिल : वीजदराच्या सुनावणीत आपली बाजू कोण मांडणार?

सरकी-रुई (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. अकरा केव्हीवर उच्चदाब कनेक्शन. इथे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण कापूस, डाळ, धान, तेल किंवा लोखंडाच्या धंद्यात आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. कच्चा माल सोडला तर आपल्या सगळ्यांचा सगळ्यात जड खर्च विजेचा आणि मजुरीचा. मजुरीवर आपण रोज बोलतो. विजेवर बिल आलं की चार दिवस चिडतो आणि भरून मोकळे होतो.

आपल्याला कोणी विचारत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. पण विचारतात. दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोग महावितरणला प्रस्तावाची जाहीर सूचना मराठी पेपरात छापायला लावतो, लेखी हरकती मागवतो आणि सुनावण्या घेतो. विदर्भातल्या लोकांसाठी अमरावती आणि नागपूरलाही सुनावणी झालेली आहे. 2003 च्या वीज कायद्याच्या 64 व्या कलमात हरकतींचा विचार करणं आयोगावर बंधनकारक आहे. मुंबई-पुण्याच्या संघटना जाडजूड निवेदनं घेऊन येतात, मोठे स्टीलवाले वकील आणतात. वणी, दारव्हा, हिंगणघाट, अकोट, तुमसर या पट्ट्यातला माणूस आलाच तर दोन मिनिटं बोलतो, 'दर फार झाले' म्हणतो आणि खाली बसतो. आकडा नसेल तर आयोग त्याची दखल कशी घेणार?

आता हे लिहायला कारण काय घडलं ते सांगतो. बाजार बदलला. दिवसा सौर वीज भरपूर आणि स्वस्त, संध्याकाळी टंचाई आणि महाग. त्यामुळे तासाप्रमाणे दर लावायची पद्धतच उलटी झाली. वर्षानुवर्षं आपलं गणित असं होतं : रात्री 10 ते सकाळी 6 प्रत्येक युनिटला दीड रुपया सूट, सकाळी 9 ते 12 ला 80 पैसे जादा, संध्याकाळी 6 ते 10 ला 1 रुपया 10 पैसे जादा. म्हणून सगळ्यांनी रात्रपाळ्या बसवल्या. केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्काच्या नियमांत दुरुस्ती केली आणि सौर तासांतला दर किमान 20 टक्के कमी हवा असं घातलं. मग 28 मार्च 2025 चा आयोगाचा आदेश आला, त्याला लगेच स्थगिती मिळाली, महावितरणने फेरविचार मागितला, 25 जूनला दुसरा आदेश आला आणि 1 जुलैपासून लागू झाला. फेरविचाराच्या वेळी पुन्हा जाहीर सुनावणी झाली नाही, हा उद्योगांचा मोठा आक्षेप होता आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण मार्चचा आदेश घ्या नाहीतर जूनचा, दिशा एकच आहे : सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत, संध्याकाळी 5 ते रात्री 12 जादा आकार, आणि रात्रीची जुनी सूट गेली.

हिशोब करून बघा. समजा एखादा कारखाना रात्री तासाला 200 युनिट वीज घेतो. आठ तासांचे 1600. दीड रुपयाने एका रात्रीचे 2400 रुपये वाचत होते. महिन्यात पंचवीस रात्री चालवलं तर 60 हजार. हे साठ हजार आता दिवसाच्या सवलतीतून परत काढायचे, म्हणजे अख्खी पाळी हलवायची.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण ग्रामीण भागातले मधल्या आकाराचे वीजग्राहक आहोत. मोठ्यांना बाजारातून वीज घ्यायचा रस्ता आहे, लहानांना सरकारची सवलत आहे. आपल्याला दोन्ही नाही. म्हणून पुढच्या सुनावणीला आपले स्वतःचे आकडे घेऊन एकत्र गेलं पाहिजे. कोणाची तयारी आहे, आणि तुमच्याकडे काय अडचणी आहेत, ते लिहा.

डबलरोलर

भाऊ, बराबर बोलले. माह्या इकडे हिंगणघाटच्या बाजूले सारे जिनिंगवाले हेच बोलून रायले.

पण पाळी हलवणं कागदावर सोपं हाय. कास्तकाराची गाडी बाजार समितीत सकाळी लागते, लिलाव होते, काटा होते, अन् आमच्या आवारात माल खाली होतेस्तोवर दुपारचे तीन-चार वाजते. त्याच दिवशी ढीग मोकळा केला नाही तं उद्याच्या गाड्या उभ्या कुठी करू? म्हणून संध्याकाळी मशिनी चालू होते. नेमके तेच महाग तास. थंडीत सकाळी कापूस दवानं ओलसर असते, तवा जिनले टाकला तं रुई गुठळ्या धरते. म्हंजे आमचे चांगले तास अकरा ते पाच, बाकीचे जबरदस्तीचे.

अन् मजूर? बाहेरगावचे येते, ठेका गाठीवर रायते. त्यायले दिवस-रात्र चालू पाहिजे, तवा त्यायचं पोट भरते.

हिशोबनीस ताई

मी एका सहकारी सूतगिरणीत लेखा विभागात आहे. आमचा प्रश्न जिनिंगपेक्षा वेगळा आहे, म्हणून स्वतंत्र लिहिते.

सूतगिरणी चोवीस तास चालते. चात्या थांबवून परत सुरू करणं परवडत नाही. त्यामुळे तासाप्रमाणे दर बदलला की आम्ही काहीच हलवू शकत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी पाहू शकतो. पूर्वी रात्रीचे आठ तास सवलतीचे आणि दिवसा-संध्याकाळी मिळून सात तास जादा दराचे होते. आता दिवसाचे आठ तास सवलतीचे, संध्याकाळचे सात तास जादाचे. तास तेवढेच राहिले म्हणून 'तुम्हाला काय फरक पडतो' असं लोक विचारतात. फरक कुठे पडतो तो सांगते. आमच्याकडे छतावर सोलर आहे. ते सकाळी नऊ ते पाचमध्येच वीज बनवतं, म्हणजे ज्या तासांत महावितरणची वीज स्वस्त झाली त्याच तासांत आमची स्वतःची वीज वापरली जाते. सोलरच्या एका युनिटने पूर्वी जेवढे पैसे वाचत होते, तेवढे आता वाचत नाहीत. कर्ज काढताना बँकेला दाखवलेलं परतफेडीचं कोष्टक जुन्या दरावर होतं. हप्ता मात्र तोच आहे.

दुसरी गोष्ट ट्रिपिंगची. दोन सेकंद लाईन गेली तरी सगळ्या रिंगफ्रेम (सूत कातणाऱ्या मशिनी) थांबतात आणि हजारो धागे एकदम तुटतात. जोडणाऱ्या बाया प्रत्येक चातीपाशी जाऊन बोटाने धागा जोडतात. पुन्हा पूर्ण वेग यायला तास-दीड तास जातो, आणि त्या वेळात निघालेलं सूत खालच्या दर्जात विकावं लागतं. बिलात हे नुकसान कुठेच दिसत नाही, कारण त्या दोन सेकंदांचं बिल शून्य असतं. आमच्या भागातल्या कार्यालयाला अनेक वेळा पत्रं दिली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

दराइतकीच भरवशाच्या पुरवठ्याची मागणी सुनावणीत जोरात मांडली पाहिजे असं माझं मत आहे.

कास्तकार घाटंजी

मी शेतकरी आहे, उद्योग नाही माझा. पण धागा वाचला आणि राहवलं नाही.

तुम्ही सगळे दर कमी करा म्हणता. मग ते पैसे कोण भरणार? क्रॉस सबसिडी (उद्योगाच्या जादा दरातून आमच्या पंपाचा दर कमी ठेवणं) काढा असं दर वेळी उद्योगवाले सांगतात, म्हणजे आमच्या पंपाचा दर वाढवा असाच त्याचा अर्थ होतो. आम्ही वर्षानुवर्षं रात्री पाणी दिलं. थंडीत, साप-विंचवात, बिबट्याच्या भीतीत. तुम्हाला रात्रीची सूट होती म्हणून तुम्ही रात्री चालवत होता, आम्हाला दिवसा लाईनच नव्हती म्हणून आम्ही रात्री जागत होतो. यातला फरक लक्षात घ्या.

सरकी-रुई (धागाकर्ता)

दादा, तुमचं लिहिणं मनाला लागलं आणि ते बरोबर आहे. म्हणून नीट उत्तर देतो.

माझी जिनिंग तुमच्या कापसावर चालते. तुमच्या ओलिताला वीज नसेल तर माझ्या आवारात कापूस येणार नाही. शेतीपंपाचा दर वाढवा असं मी कधीच म्हणणार नाही, आणि या धाग्यावरून जे निवेदन जाईल त्यात तसं वाक्य राहणार नाही.

प्रश्न आहे तो सवलत कोणाच्या खिशातून जाते याचा. कायद्याच्या 65 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की राज्य सरकारला एखाद्या वर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर त्याची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. चांगली गोष्ट आहे. सरकारने जाहीर केली, सरकारने भरावी. पण आयोग मुळात पंपाचा दरच खर्चापेक्षा कमी ठरवतो आणि ती तूट उद्योग-व्यापाराच्या दरात चढवतो. तो भाग वेगळा, आणि तो आपल्या बिलात कुठेही लिहिलेला नसतो. 2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात प्रत्येक वर्गाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या 20 टक्के वर-खाली या मर्यादेत आणायचं ठरलेलं आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने कायदादुरुस्तीचा जो मसुदा काढला, त्यात तर कारखान्यांवरची क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपवायची असं आहे. ती संपताना पंपाचा भार सरकारी तिजोरीने उचलला नाही, तर तुम्ही आणि आम्ही दोघंही मार खाणार. म्हणून ही मागणी आपण मिळून करायला हवी.

आणखी एक. बिनमीटरच्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी त्यात लपते, आणि 'शेतकरी इतकी वीज खातो' असा ठपका तुमच्यावर येतो. हा आक्षेप जुना आहे. आयोगाने त्यासाठी अभ्यासगटही नेमला होता. फीडरवरचे (उपकेंद्रातून गावाकडे निघणाऱ्या वाहिनीवरचे) खरे आकडे बाहेर आले तर पहिला फायदा शेतकऱ्याची बदनामी थांबण्याचा आहे.

निवृत्त अभियंता वर्धा

चर्चा चांगली चालली आहे. वितरण आणि पारेषण या दोन्हीत नोकरी केली, त्यामुळे काही उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

आधी सुनावणीचं. हरकत कोणीही देऊ शकतो, त्याला वकील लागत नाही. जाहीर सूचनेत मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. आयोगाच्या संकेतस्थळावरून हरकत देता येते, सुनावणीत बोलायचं असेल तर तसं लिहायचं. मराठीत लिहिलेलं चालतं. कायद्याच्या 94 (3) कलमाखाली आयोग ग्राहकांच्या वतीने बोलायला काही संस्थांना अधिकृत प्रतिनिधी नेमतो. त्यात पुण्याची प्रयास आहे, मुंबई ग्राहक पंचायत आहे, ठाणे-बेलापूरची उद्योजक संघटना आहे आणि आपल्या नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनही आहे. म्हणजे विदर्भाची जागा तिथे आहेच. तिच्यापर्यंत तालुक्याच्या जिनिंगचे आणि राईसमिलचे आकडे पोचत नाहीत, ही खरी अडचण आहे. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्याचं वीजवापराचं चित्र आणि दिग्रसच्या जिनिंगचं चित्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता बिल वाचायला शिका. मागणी आकार हा किती युनिट जाळले यावर नसतो, एका वेळी जास्तीत जास्त किती भार (केव्हीएमध्ये) ओढला यावर असतो. आणि एकदा वर गेलेला आकडा लवकर सोडत नाही. मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग मागणीच्या 75 टक्क्यांचा तळ धरला जातो. समजा मंजूर मागणी (करारातला कमाल भार) 500 केव्हीए आहे आणि जानेवारीत सगळ्या जिन आणि प्रेस एकदम चालू केल्यामुळे 480 नोंदले गेले. मग जूनमध्ये शेडला फक्त दिवे असले तरी हिशोब किमान 360 वर होतो. मंजूर मागणीच्या ठरावीक टक्क्यांचा आणखी एक तळ असतो, दोन्हीत जो जास्त तो लागतो.

जिनिंगवाल्यांसाठी यातून सुटायचा मार्ग दरपत्रकातच आहे, तरी अनेकांना माहीत नसतो. उच्चदाब उद्योगात 'हंगामी' असा उपवर्ग आहे. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने चालणारे कापूस जिनिंग, प्रेसिंग, सरकी तेल, मीठ, गूळ-खांडसरी यांना तो घेता येतो. साखर कारखान्यांना नाही. मागितला तरच मिळतो, आपोआप लागत नाही. युनिटचा दर थोडा जास्त असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी हिशोब करूनच अर्ज करा.

तिसरं, 2020 च्या एप्रिलपासून उच्चदाबाचं बिल केव्हीएएचवर (कामाची आणि वाया फिरणारी वीज धरून केलेल्या मापावर) येतं. पॉवर फॅक्टरचा वेगळा दंड किंवा बक्षीस गेलं, पण कॅपॅसिटर बंद पडला की तेवढ्याच कामाचे युनिट जास्त दिसतात. शेडमागच्या एपीएफसी पॅनेलचं (कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेटीचं) दार उघडून बघा. निम्मे कॅपॅसिटर फुगलेले असतात, उंदरांनी वायरी खाल्लेल्या असतात, कापसाची धूळ बोटभर साचलेली असते. आयोगाकडे जाण्याआधी हे दुरुस्त करा. नाहीतर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल.

डाळमिल अकोला

साहेब, हंगामी वर्गात डाळमिल बसते का? आमचंही काम तूर आली की जोरात, नंतर मंद.

आणि मला मूळ धागाकर्त्यांना विचारायचंय. ग्रुप कॅप्टिव्ह (अनेक ग्राहकांच्या भागीदारीतला स्वतःच्या वापराचा प्रकल्प) सोलरवाले सध्या दर आठवड्याला येतात. एक कंपनीवाला म्हणाला, थोडे शेअर घ्या, आमच्या प्रकल्पाची वीज तुमच्या मीटरवर जमा होईल, बाहेरून वीज घेतल्यावर लागणारा क्रॉस सबसिडी अधिभार लागणार नाही. कागद फार गोड दिसतात. सही करू की नको?

निवृत्त अभियंता वर्धा

यादीत डाळमिलचं नाव नाही, पण 'असे इतर कारखाने' अशी शब्दरचना आहे. लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा. नकार आला तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. नागपुरात लोकपालांचं कार्यालय आहे, मुंबईला जावं लागत नाही.

कॅप्टिव्हचं धागाकर्त्यांनी लिहावं.

सरकी-रुई (धागाकर्ता)

लिहितो. यात मी बरंच वाचलंय, कारण आम्हालाही असेच प्रस्ताव आले.

2005 च्या वीज नियमांतल्या नियम 3 प्रमाणे कॅप्टिव्ह ठरायला दोन अटी आहेत : वापरणाऱ्यांची मिळून किमान 26 टक्के मालकी, आणि तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वापर वर्षभरात त्यांनीच केलेला असावा. ग्रुपमध्ये असाल तर ज्याने त्याने आपल्या शेअरच्या प्रमाणात वीज वापरायला लागते, त्यात दहा टक्के मागे-पुढे चालतं. एका वर्षी अट मोडली तर त्या वर्षीची सगळी वीज बाजारातून घेतल्यासारखी धरली जाते आणि क्रॉस सबसिडी अधिभार मागाहून वसूल होतो. 10 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील प्रकरणात कॅप्टिव्ह ग्राहकांना अतिरिक्त अधिभार लागणार नाही असा निकाल दिला, त्यामुळे हा रस्ता मोठ्यांना फार फायद्याचा झाला.

पण आपला हंगाम बघा. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलला मंदावते. सौर वीज सगळ्यात जास्त बनते मार्च ते मे, म्हणजे आपली मशीन थांबते तेव्हा. उन्हाळ्यातली वीज जमा ठेवून दिवाळीत वापरता येईल का? नाही. 2022 च्या हरित मुक्त प्रवेशाच्या (महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याची सौर-पवन वीज आणण्याच्या) नियमांनंतर आपल्याकडे बँकिंग, म्हणजे वीज जमा ठेवणं, महिन्यापुरतं आहे. त्या महिन्याची शिल्लक पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. मग 51 टक्क्यांची अट आणि शेअरप्रमाणे वापराची अट आपण कशी पाळणार? एजंट यावर बोलत नाहीत. तुमची डाळमिल बाराही महिने थोडीफार चालते, तुमची परिस्थिती कदाचित बरी असेल. तरी करारात 'कॅप्टिव्ह दर्जा गेला तर अधिभार कोण भरणार' हे कलम शोधा. ते तुमच्या नावावर असेल तर सही करू नका.

मर्यादेचं पण लक्षात ठेवा. नेहमीच्या मुक्त प्रवेशाला 1 मेगावॅट मागणी लागते. हरित विजेसाठी ती 100 किलोवॅटवर आली. म्हणजे नियम आपल्या आकारापर्यंत खाली आला, पण हंगामाचा विचार त्यात कोणी केलाच नाही. निवेदनात माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा असावा : शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या हंगामी ग्राहकांसाठी बँकिंगचा कालावधी वेगळा असावा. कापूस कधी फुटतो ते आयोगाच्या हातात नाही, आपल्याही नाही.

फर्नेस पाळी

मी भंडारा जिल्ह्यात एका मोठ्या कारखान्यात विद्युत विभागात आहे. आमची मागणी मेगावॅटमध्ये. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

मोठे ग्राहक एक्स्चेंजवरून (विजेच्या बाजारातून) वीज घेतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग असतात, आदल्या दिवशी प्रत्येक भागाची बोली लावायची. दुपारी भाव पडतो, संध्याकाळी सात-आठला चढतो. एप्रिल 2023 पासून कमाल 10 रुपयांची मर्यादा आहे आणि टंचाईच्या संध्याकाळी भाव तिथे जाऊन टेकतोसुद्धा. आमच्याकडे एक माणूस दिवसभर हेच पाहतो. वेळापत्रकापेक्षा कमी-जास्त वीज ओढली तर दंड. हे तालुक्याच्या जिनिंगला झेपणारं नाही, त्याचा मोह धरू नका.

पण एक गोष्ट मोठ्यांच्याही मनात आहे, ती तुम्हाला कळावी. आम्ही बाहेरून वीज घेतो, तेव्हा महावितरणचा तेवढा महसूल जातो आणि तारा-खांब-उपकेंद्रांचा खर्च उरलेल्यांवर वाटला जातो. उरलेले म्हणजे तुम्ही. मोठे जेवढे बाहेर पडतील तेवढा तुमचा दर वाढायचा धोका. म्हणून मोठ्यांच्या संघटनेच्या निवेदनावर नुसती सही करू नका. काही मुद्द्यांवर तुमचं हित वेगळं आहे. आमची बाजू मांडायला आयोगापुढे माणसं आहेत.

गोंदिया राईसमिल

फर्नेसवाल्या दादांनी प्रामाणिकपणे लिहिलं, त्याबद्दल आभार.

आमच्या बाजूने थोडं. सरकारी धानाच्या भरडाईला दर ठरलेला असतो. विजेचा खर्च वाढला तर तो आम्ही कोणावर टाकू शकत नाही. तिरोड्याला 3300 मेगावॅटचा प्रकल्प आमच्या जिल्ह्यात आहे, आणि माझ्या मिलची लाईन आठवड्यातून कितीदा जाते हे लिहायला लाज वाटते. चंद्रपूरला 2920, मौद्याला 2320, कोराडी, खापरखेडा, पारस वेगळेच. कोळसा विदर्भाचा, राख विदर्भाच्या शेतात. निदान लाईन तरी नीट मिळावी.

सरकी-रुई (धागाकर्ता)

ही भावना माझीही आहे. फक्त सुनावणीत ती अशी मांडली तर आयोग म्हणतो, महावितरणचा दर राज्यभर एकच असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना 2016 पासून सरकारने वीजदरात सवलत दिली ती सरकारच्या तिजोरीतून, आयोगाच्या आदेशातून नाही. नंतर त्या निधीवर मर्यादा आल्या. ती मागणी मुंबईत मंत्रालयात करायची, आयोगापुढे नाही. दोन दारं वेगळी आहेत. एकाच कागदात दोन्ही घातलं की दोन्हीकडून तो बाजूला पडतो.

आयोगापुढे मात्र लाईन जाण्याचा मुद्दा भक्कम आहे, कारण 2021 च्या विनियमांत पुरवठ्याचे निकष आणि भरपाई ठरवलेली आहे. त्यासाठी नोंद हवी. मीटर खोलीत एक वही लटकवा : तारीख, लाईन गेली ती वेळ, आली ती वेळ, कोणती मशीन थांबली, परत वेगात यायला किती वेळ. पाळीच्या माणसाची सही. ताई, तुमच्या गिरणीत अशी नोंद होते का?

हिशोबनीस ताई

होते. पाळीप्रमाणे 'बंद' रजिस्टर आहे, कारण उत्पादन का कमी आलं ते सांगावं लागतं. विजेमुळे बंद, मशीन बिघाड, कामगार कमी, असे वेगळे रकाने आहेत. मीटरमधला डेटाही डाउनलोड करून मिळतो. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणी नाकारू शकणार नाही. संचालक मंडळाची परवानगी घेऊन एका वर्षाची प्रत देते.

डबलरोलर

माह्याकडे वही नाही, पण गाठीचा हिशोब हाय. 170 किलोची एक गाठ बांधाले किती युनिट लागले हे मी दर महिन्याले काढतो. लाईन घडीघडी गेली त्या महिन्यात आकडा वर जाते. मशीन मोकळी फिरते, माल कमी निघते. हे चालन का?

निवृत्त अभियंता वर्धा

चालेल म्हणजे काय, तेच हवं आहे. गाठीमागे युनिट, क्विंटल डाळीमागे युनिट, क्विंटल धानामागे युनिट. पाच-सात गावांतल्या मिलचे असे वर्षाचे आकडे एका कोष्टकात आले तर ती हरकत आदेशात उतरते. आयोगाला प्रत्येक हरकतीवर महावितरणचं उत्तर घ्यावं लागतं, आणि आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

कास्तकार घाटंजी

वरचं सगळं वाचलं. 65 कलमाचा मुद्दा पटला. आमच्या गावच्या फीडरवर आता सौर प्रकल्पामुळे दिवसा लाईन यायला लागली आहे, मुख्यमंत्र्यांच्या सौर कृषी वाहिनीतून. रात्रीचा त्रास बराच कमी झाला. तुमचे महाग तास संध्याकाळचे झाले त्यात आमचा पंप कुठेच नाही, हे पण निवेदनात लिहा.

पंपावर मीटर आणि फीडरवर मीटर, दोन्हीचे आकडे जाहीर करा ही मागणी असेल तर आमच्या शेतकरी गटाची सही देतो. दर वाढवा असं कुठे दिसलं तर सही परत घेईन.

सरकी-रुई (धागाकर्ता)

मंजूर. मसुदा इथेच टाकेन, तुम्ही वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही.

मसुद्यात काय घेतोय ते सांगतो. हंगामी ग्राहकांसाठी बँकिंग आणि मागणी आकाराचा तळ. तासाप्रमाणे दर बदलायचे असतील तर पाळ्या हलवायला आधी पुरेशी मुदत, हंगामाच्या मध्ये बदल नाही. ग्रामीण अकरा केव्ही फीडरचे खंडित पुरवठ्याचे आकडे फीडरनिहाय जाहीर करणं. पंपाची सवलत पूर्णपणे सरकारकडून आगाऊ. फर्नेसवाल्या दादांचा मुद्दा मी वेगळ्या परिच्छेदात घालतो : मोठे ग्राहक बाहेर पडल्यावर तारा-खांबांचा खर्च राहिलेल्यांवर कसा वाटला जातो, ते महावितरणने वर्गनिहाय दाखवावं.

बाजार समितीच्या वेळेचा मुद्दा डबलरोलर भाऊंच्या शब्दांत घेतो. मुंबईत बसून दर ठरवणाऱ्याला माहीत नसतं की कापसाची गाडी तीनला खाली होते.

प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची बिलं स्कॅन करून पाठवा. ग्राहक क्रमांक आणि पत्ता काळ्या शाईने झाकून. मंजूर मागणी, नोंदलेली मागणी, तासाच्या भागांप्रमाणे युनिट, आणि केव्हीएएच दिसले पाहिजेत.

डाळमिल अकोला

बिलाच्या दुसऱ्या पानावर तासांचे चार-पाच रकाने आहेत तेच ना? आमच्याकडे पहिलंच पान जपून ठेवतात.

निवृत्त अभियंता वर्धा

तेच. दुसरं पान नसेल तर महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून जुनी बिलं काढता येतात. जुलै 2025 च्या आधीची आणि नंतरची, दोन्ही घ्या. तासांचे भाग बदलले आहेत, म्हणून रकाने एकमेकांसमोर जसेच्या तसे लावू नका. आधी जुनं कोष्टक वेगळं भरा, नवीन वेगळं. मी एक कोरा तक्ता बनवून उद्या इथे टाकतो, सगळ्यांनी त्यातच भरा.

गोंदिया राईसमिल

साहेब, त्यात भरडाईच्या क्विंटलचा रकाना ठेवा. आणि लाईन गेलेल्या मिनिटांचा पण.